दोन पंपांपैकी रोजचा कोणता?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. हळद पॉलिशचा ढोल सुरू झाला की खोकला आणि धाप लागते. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत. सॅल्ब्युटामॉलनं लगेच आराम पडतो. बुडेसोनाइडनं काहीच जाणवत नाही, शिवाय ते स्टेरॉइड आहे म्हणतात. पहिलाच चालू ठेवला तर चालेल का? – एक आई, वसमत तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला बंद करावासा वाटतोय तोच पंप लेकराला रोज हवा. दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते, म्हणून ती हळवी होते. हळद पॉलिशच्या त्याच धुळीत इतर मुलं शिंकून मोकळी होतात, याची नळी आवळते. सॅल्ब्युटामॉल ती काही मिनिटांत सैल करतं, चार-सहा तास आराम देतं. सुजेला मात्र हात लावत नाही. सूज उतरवतं बुडेसोनाइड, रोज घेतलं तर, काही आठवड्यांत.

अमेरिका-कॅनडातल्या १,०४१ मुलांवर चार ते सहा वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली आले. बुडेसोनाइडनं नळीचा हळवेपणा स्पष्ट कमी झाला. नेडोक्रोमिल या बिनस्टेरॉइडच्या औषधाचा त्याबाबतीत औषध नसलेल्या पोकळ पंपापेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत बुडेसोनाइडचा फायदाही ओसरला. तेव्हा हंगाम संपला, पोरगं बरं दिसतंय म्हणून मनानं बंद करू नका. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनीच.

स्टेरॉइडची भीती मी समजू शकतो. त्या अभ्यासातल्या बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणी उंची मोजली, तेव्हा ती पोकळ पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. इतकी किंमत आहे, आणि वारंवार धाप लागणाऱ्या मुलासाठी ती मला रास्त वाटते. स्टेरॉइड टाळायचं म्हणून सालमेटेरॉलसारखं नळी जास्त वेळ सैल ठेवणारं औषध मात्र मुलांना एकटं कधीच देऊ नये.

पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशातच बसतं. म्हणून पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावा. पंप हलवा, एक दाब द्या, पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या, मग दुसरा दाब. बुडेसोनाइडनंतर चूळ भरायला लावा. स्पेसर नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर तपासलेला उपाय आहे.

सॅल्ब्युटामॉल आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर पंप देत देतच दवाखाना गाठा.