किरकोळ फौजदारी खटले आणि विनामूल्य विधिसाहाय्य

बांधावरून झालेली मारहाण, शिवीगाळ, धमकी, लहानसहान चोरी असे खटले बहुधा तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. शिक्षा थोडी, म्हणून वकिलाची गरजही थोडी, असा समज ग्रामीण भागात दृढ आहे. फी परवडत नाही म्हणून ‘दंड भरून मोकळे होऊ’ या विचाराने आरोपी गुन्हा कबूल करतो. दंड भरला तरी दोषसिद्धीची नोंद राहते आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा ती आडवी येते.

विधिसाहाय्य मोठ्या गुन्ह्यांसाठीच असते, या समजुतीला पूर्वी काहीसा आधार होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०४ ने सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन सत्र न्यायालयातील खटल्यांपुरते घातले होते; इतर न्यायालयांस ते लागू करणे राज्य शासनावर सोपविले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये ही मर्यादा उरलेली नाही. आरोपीस वकील नसेल व तो नेमण्याइतकी ऐपत नसेल, तर न्यायालयाने वकील द्यावयाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सुक दास यांच्या खटल्यात ही दिशा दाखविली होती. धमकीच्या आरोपावरून वकिलाविना खटला चालून त्यांना दोन वर्षांची कैद झाली होती. आरोपीने मागणी केली नाही, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाही, असे सांगून न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली.

पात्रतेचा मुख्य आधार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ हा आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी व्यापार किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळासारख्या आपत्तींत सापडलेले लोक आणि कोठडीतील व्यक्ती या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. येथेच व्यवहारात चूक होते. शेतमजूर स्त्रीकडे उत्पन्नाचा दाखला मागून तिला चार हेलपाटे घालावयास लावणे कायद्यास धरून नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. त्यांच्या बाबतीतही, अविश्वासाचे कारण नसेल तर, उत्पन्नाविषयीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. मात्र बाजू मांडण्याजोगे प्रकरण प्रथमदर्शनी असावे, एवढी खात्री प्राधिकरण करून घेते.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे तेथे लिहून घेतले जाते. अटक झालेल्याच्या वतीने नातेवाइकांनी चौकशी केली तरी चालते. सरपंच, पोलीस पाटील व शिक्षक यांनी समितीचा पत्ता आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पहिल्या तारखेआधी तो लोकांच्या नजरेस पडला पाहिजे, कारण गुन्ह्याची कबुली बहुधा त्याच दिवशी दिली जाते.