लटके उड्डाण, खरा अभ्यास



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मैदानावर उभे होतो. सभोवती वेचणीस आलेली कपाशी आणि वर आकाशात पांढरी रेघ ओढीत निघालेले एक विमान, असा तो देखावा होता. नववीतील एका विद्यार्थ्याने वर पाहत विचारले, "सर, विमान चालवायला किती अभ्यास लागतो?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, मराठी आणि इतिहास शिकविणारे. तरीही या प्रश्नाचे थोडेबहुत उत्तर आम्हांस देता आले. ते आम्हांस कोठे मिळाले, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमचे बालपण गोव्यात, दाबोळी विमानतळाच्या आसपास गेले. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि डोक्यावर नौदलाच्या सी हॅरियर विमानांची गर्जना! ही विमाने १९८३ पासून २०१६ पर्यंत दाबोळीच्या 'हंसा' तळावर होती. ती घरावरून गेली की आवयच्या, म्हणजे आमच्या आईच्या, फडताळातील कपबशा थरथरत. वैमानिक व्हावे असे आम्हांस फार वाटे. परंतु डोळ्यांस लवकर चष्मा लागला आणि ती इच्छा मनातच राहिली. पुढे नोकरीनिमित्त जैनथला आलो. येथे संध्याकाळच्या फावल्या वेळात ती इच्छा एका निराळ्याच वाटेने पुरी होऊ लागली. ती वाट म्हणजे संगणकावरील लढाऊ विमानाचे सिम्युलेटर.

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल. विमान जमिनीवरच असते, पण चालविणाऱ्यास मात्र उडण्याचे सारे नियम पाळावे लागतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करीत असे. संगीत नाटकांतील ऑर्गन आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकला असेल. त्यात भात्याने हवा खेळवून सूर काढतात. लिंकने त्याच जातीचे भाते एका लहानशा खोट्या विमानाखाली बसविले आणि १९२९ च्या सुमारास ते डोलणारे, कलणारे शिक्षणयंत्र सिद्ध केले. प्रथम लोकांनी त्यास जत्रेतील खेळणे मानले. परंतु १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले आणि धुक्यात व वादळात त्यांपैकी कित्येक मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक जणांनी या यंत्रावर शिक्षण घेतले. खोट्या विमानात झालेली चूक कोणाचा प्राण घेत नाही, हाच या विद्येचा पाया होय.

आता आमच्या विमानाकडे वळू. 'फाल्कन ४.०' हा संगणकीय खेळ मायक्रोप्रोज या कंपनीने डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आणला. त्यात एफ-१६ हे लढाऊ विमान कोरियाच्या भूमीवर उडवावयाचे असते. सोबत सुमारे सहाशे पानांची माहितीपुस्तिका होती! कल्पना भव्य होती, परंतु घाईने बाहेर पडलेल्या त्या खेळात दोष फार होते. ते पुरते निस्तरण्यापूर्वीच, १९९९ च्या अखेरीस, तो घडविणारी मंडळी विखुरली. व्यवहाराच्या दृष्टीने खेळ तेथेच संपला.

परंतु तो ज्यांना आवडला होता त्यांनी तो संपू दिला नाही. २००० साली त्या खेळाची मूळ संगणकीय आज्ञावली बाहेर फुटली. ती फुटणे काही रीतसर नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी तिच्यावर काम सुरू केले. त्यांतील 'बेंचमार्क सिम्स' या गटाची सुधारित आवृत्ती 'फाल्कन बीएमएस' या नावाने ओळखली जाते. अशा हौशी सुधारणेस खेळणारे 'मॉड' म्हणतात. २०११ मध्ये तिची ४.३२ ही आवृत्ती आली आणि काम त्यानंतरही चालूच राहिले. या मंडळींनी तिचे मोल घेतले नाही. मात्र मूळ खेळ ज्याने विकत घेतला असेल त्याच्याच संगणकावर ही आवृत्ती बसावी, अशी अट त्यांनी घातली. दुसऱ्याचे श्रम फुकट लाटू नयेत, हा विवेक त्यांनी राखला.

या सुधारणेने खेळ सोपा केला असेल असे कोणास वाटेल. वस्तुतः तिने तो अवघड केला, आणि त्याची गोडीही त्यातच आहे! एक कळ दाबली आणि विमान उडाले, असे येथे घडत नाही. प्रथम विद्युतघटाची कळ. मग मुख्य इंजिनास गती देणारे लहान इंजिन सुरू करावयाचे. मुख्य इंजिनाची गती वीस टक्क्यांपर्यंत चढली म्हणजे इंधन सोडावयाचे. आम्ही पहिल्या दिवशी घाई केली. गती चढण्याआधीच इंधन सोडले, इंजिन भलतेच तापले आणि विमान जागेवरच निकामी झाले. दुसऱ्या दिवशी इंजिन लागले. त्यानंतर विमानास आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे ओळखावयास सुमारे आठ मिनिटे लागतात. सातव्या मिनिटास आमच्या घरची वीज गेली! तिसऱ्या दिवशी उड्डाण झाले, परंतु परतीच्या इंधनाचा हिशेब चुकला. चौथ्या दिवशी उतरताना नाक अधिक उचलले गेले आणि शेपटीकडील भाग धावपट्टीवर घासला. पाचव्या दिवशी विमान सुखरूप उतरले, तेव्हा आम्हांस जो आनंद झाला तो आमच्या पदवी परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

त्या आठवड्यात आम्ही आमच्या गणित शिकविणाऱ्या सहकाऱ्यांकडे अनेकदा गेलो. वेगात वळताना विमान इतक्या दूर का फेकले जाते, असे आम्ही विचारले. त्यांनी फळ्यावर मांडून दाखविले की वळणाचा जोर तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर वळणाची त्रिज्या चौपट होते. खरे एफ-१६ गुरुत्वाच्या नऊपट जोर सोसून वळू शकते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलास त्या क्षणी आपले वजन साडेचारशे किलो भासेल. पुस्तकातील वर्तुळाचा धडा आम्हांस उमगला तो असा, वयाच्या पस्तिशीत!

आम्ही ज्यांच्या घरी राहतो ते वृद्ध गृहस्थ एके रात्री आमच्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, हा लढाईचा खेळ. पोरांना दाखवायचा का हो हा?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. पुष्कळ विचार केला.

लढाई हा खेळ नव्हे, हे खरेच. आपल्याकडील मिग-२१ विमानांपैकी पुष्कळशी नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधली गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते विमान हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले. सहा दशकांच्या त्या सेवेत अनेक वैमानिकांनी अपघातांत प्राण गमावले. त्यांस दुसरी पाळी मिळाली नाही. आम्ही मात्र पाच दिवसांत तीनदा विमान मोडले आणि तिन्ही वेळा रात्री वेळेवर जेवलो. नऊपट वजनाचा दाब, गुदमरणारा श्वास, मरणाचे भय यांतील काहीही पडद्यातून बाहेर येत नाही. हे ज्यास उमगत नाही त्याने असा खेळ खेळू नये.

पण ज्यास उमगते, त्याचा शौर्याविषयीचा भाबडा समज हा खेळ दूर करतो. येथे बहुतेक वेळ जातो तो तपासणीत, मोजणीत, नियंत्रकाची आज्ञा ऐकण्यात आणि सहकाऱ्यास सांभाळण्यात. आपले विमान त्या मोठ्या रणांगणावरील एक लहानसा बिंदू असते. आज पाडलेला पूल उद्याही पडलेलाच दिसतो. पराक्रमाच्या कथांत हे सहसा येत नाही. आम्ही आमच्या घरमालकांस दुसऱ्या दिवशी सांगितले, "लहान मुलांना नको. मोठ्यांना दाखवू; पण आधी वही आणावयास सांगू." ते हसले आणि त्यांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी तो नववीतील विद्यार्थी खरोखरच वही घेऊन आला. इंजिन लावण्याचा सारा क्रम त्याने मराठीत ओळीने लिहून काढला. त्यात एक पायरी राहिली होती. ती त्याची त्यानेच शोधली. इंजिन लागले तेव्हा तो काही क्षण गप्प बसला. मग त्याने विचारले, "सर, ही माणसं पैसे घेत नाहीत, तर इतकी वर्षं कशासाठी करतात?"

आम्ही त्यास खिडकीतून आपल्या लक्ष्मीनारायण मंदिराची दिशा दाखविली. जैनथच्या शिलालेखात परमार जगद्देवाचे नाव कोरलेले आहे. परंतु मंदिराचा काळा दगड ज्यांनी घासूनपुसून घडविला, त्यांची नावे आपण घेत नाही. काम उत्तम व्हावे एवढ्याच ओढीने ज्यांचे हात चालतात, अशी माणसे प्रत्येक काळात असतात. दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेले काम ती उचलतात आणि पुढे नेतात.

मित्रहो, विमान चालवावयास किती अभ्यास लागतो, या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच: पहिल्या पायरीपासून, एकही पायरी न गाळता. तुमच्यापैकी कोणी पुढे खऱ्या विमानात बसला, तर त्याने आम्हांस जरूर कळवावे. आम्ही मैदानावर उभे राहून वर पाहत असू.