हवामानाच्या हिशेबात आपले रान



गेल्या तिमाहीत धानोरा भागातील ग्रामसभांच्या बैठकांत एक प्रश्न मी वारंवार ऐकला: “हवामान बदलतंय म्हणता, मग आमच्या चराईच्या रानात साग कशाला?” प्रश्न साधा आहे, पण उत्तराला थोडा अभ्यास लागतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. एक किलो लाकूड तयार होताना हवेतला सुमारे एक किलो आठशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. लाकूड जळले किंवा कुजले की तो पुन्हा हवेत जातो. जगातील उष्णता वाढवणाऱ्या वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या बदलत्या वापरातून येतात. म्हणूनच २०३० पर्यंत जंगल आणि झाडांच्या रूपाने २५० ते ३०० कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड साठवू, असा शब्द भारताने २०१५ मध्ये जगाला दिला.

इथवर वाद नाही. वाद मोजणीचा आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के छत्र दिसले की वन सर्वेक्षणात ते वनाच्छादन धरले जाते, मग तो निलगिरीचा मळा असो, आंब्याची बाग असो की मोह-तेंदू-चारोळीचे रान. उपग्रहाला सगळे सारखेच हिरवे! चैत्रात टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला विचारा, ती फरक सांगेल.

दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. भारतातील जंगलांचा निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. खाणीसाठी जुने रान तोडून दुसरीकडे रोपे लावली, तर कागदावर भरपाई होते. माती तयार व्हायला मात्र पिढ्या लागतात. या भरपाईच्या लागवडीसाठी २०१६ च्या कायद्याने मोठा निधी उभा राहिला आहे. पैसा आला की जागा शोधली जाते, आणि अनेकदा नजर पडते ती गावाच्या सरपणाच्या, चराईच्या जमिनीवर.

याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची वाट मला अधिक पटते. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकते. बांबू नियमाने तोडला तर कंद जिवंत राहतो, पावसाळ्यात नवे वास्ते फुटतात. रान उभे राहते आणि मजुरीही गावात राहते. हवामानाच्या दृष्टीने याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ जरूर वाचा. जंगलाला बाधक ठरणारे काम थांबवण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिला आहे. लागवडीचा प्रस्ताव आला तर कोणती झाडे, कोणत्या जागेवर आणि कोणाच्या मालकीची, हे आधी लेखी मागा. तोंडी होकार देऊ नका. ठराव नोंदवहीत घ्या.

जिथे सामूहिक दावा अजून दाखल नाही, तिथल्या कार्यकर्त्यांनी गावातील वयस्कांबरोबर शिवार फिरून सीमेच्या खुणा लिहून घ्याव्यात. वयस्कांचे लेखी निवेदन दाव्यात पुरावा म्हणून चालते. हे काम उन्हाळ्याआधी उरका; लागवडीचे खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात.