बर्फातील चार दिवस

हिवाळ्यात गुलमर्गला जावयाचे ठरले, तेव्हा आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो हा, की ज्यांना बर्फावरून घसरण्याची विद्या येत नाही, त्यांनी तेथे करावयाचे काय?

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे ठिकाण सुमारे २,६५० मीटर उंच आहे. टंगमर्गपुढे चाकांना साखळ्या बांधलेली मोटार लागते. फार हिम पडले तर रस्ताच बंद! म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवला. सामानात लोकरीचे मोजे आणि काळे चष्मे घेतले. (काळा चष्मा ही मिजास नव्हे, बरे का! बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांस बाधते.)

खरी अडचण पुढेच होती. तेथे तारेवरून जाणारा पाळणा आहे; त्यास गोंडोला म्हणतात. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत व दुसरा अफरवट पर्वतावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. नातवाला अफरवटच हवे होते. परंतु तेथील हवा विरळ, आणि त्याच्या आजीचे हृदय दुबळे. डॉक्टरांनी तिला तो टप्पा वर्ज्य सांगितला. “तुम्ही जा, मी खाली बसेन,” आजी म्हणाली.

नातू रात्रभर गप्प होता. सकाळी म्हणाला, “आजोबा, कोंगडोरीचीच तिकिटे काढा. आणि इथे आजीसाठी स्लेज ठरवा.”

लाकडी स्लेजवर आजी लुगडे सावरून बसली. ओढणाऱ्या काश्मिरी माणसास तिने चक्क मराठीत बजावले, “सावकाश रे बाबा!” त्यानेही समजल्यासारखी मान डोलावली.