मेटलच्या कार्यक्रमाला जाताय? कान सांभाळा

आपल्या वस्त्यांतली काही मुलं आता हेवी मेटलही आवडीने ऐकतात. २००८ साली ‘आयर्न मेडन’ मुंबईत आणि २०११ साली ‘मेटालिका’ बंगळूरला वाजवून गेले. असे फिरतीवरचे तीन-चार बँड कधी एकाच संध्याकाळी एकाच मंचावर येतात. कोणी तिकीट काढून जातो, तर कोणी मंच बांधायला, पहारा द्यायला किंवा पाणी विकायला. संगीत जरूर ऐकावं. फक्त आवाज किती मोठा आणि किती वेळ, याचा हिशेब घरातूनच करून निघावं.

आपल्या आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोहोचवण्याचं काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, फार झालं तर मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून असं आलेलं बहिरेपण औषधाने बरं होत नाही. मेटालिकाचे ड्रमवादक लार्स उल्रिक यांना कानात सतत आवाज येण्याचा त्रास जडला. ‘एसी/डीसी’चे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये ऐकू येणं कमी झाल्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

आता हिशेब पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मेटलच्या कार्यक्रमात आवाज सहज १०० पर्यंत जातो. चार बँड मिळून चार तास वाजले, तर कानावर सोळा पट भार पडला!

इअरप्लग नीट बसवले आणि आवाज १५ डेसिबलने उतरला, तर १०० चे ८५ होतात. मग तेच चार तास मर्यादेत बसतात. गाणं तरीही ऐकू येतं.

हे करा :

१. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. स्वच्छ हातांनी बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरा. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत.

२. स्पीकरच्या समोर उभे राहू नका.

३. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत लांब जाऊन कानांना विश्रांती द्या.

४. तिथे कामाला असणाऱ्यांनी ठेकेदाराकडे इअरप्लग मागावेत. ते दिवसभर, आवाज तपासला जातो तेव्हाही, आवाजातच असतात.

५. लहान बाळाला नेऊ नका.

६. दुसऱ्या दिवशी हेडफोन बंद ठेवा.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते किंवा दडे बसल्यासारखे वाटतात. हा कानाने दिलेला इशारा आहे. एक दिवसानंतरही तो राहिला, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो. कानात तेल घालू नका.

वरातीतल्या डीजेलाही हाच हिशेब लागू आहे. पोराला कार्यक्रमाला जाऊ द्या, पण खिशात इअरप्लग आहेत ना, एवढं आईबापांनी विचारावं.