दंतरोपण, वृद्धिघटकांचा लेप आणि अस्थिसंधानाचा काल

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे कृत्रिम मूळ बसविलेले रुग्ण 'हाड लवकर धरावे' म्हणून आपल्याकडे औषध मागतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी हे हाड कसे धरते, ते पाहू.

टायटॅनियमशी हाड थेट एकजीव होते, हे स्वीडनचे ब्रेनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील अभ्यासात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. त्याच वर्षी अमेरिकेत युरिस्ट यांनी दाखवून दिले की, क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते. यामागील प्रथिनांस पुढे बीएमपी हे नाव मिळाले. हेच ते वृद्धिघटक होत.

रोपण प्रथम जुन्या हाडात केवळ घट्ट अडकलेले असते. पहिल्या काही आठवड्यांत ते जुने हाड झिजते आणि त्याची जागा नवे हाड घेते. या संधिकाळात रोपणाची स्थिरता काहीशी घटते. रोपणावरच वृद्धिघटकाचा लेप देऊन हा काळ सुरक्षित करावा, अशी संशोधकांची कल्पना आहे.

अडचण मात्रेची व कालाची आहे. नुसते शोषविलेले प्रथिन बहुतांशी आरंभीच सुटून जाते. म्हणून ते कॅल्शियम फॉस्फेटच्या थरात गुंफून सावकाश सोडण्याचे प्रयोग झाले. श्वानांवरील प्रयोगांत बीएमपी-२ ची मात्रा अधिक होताच द्रवसंचय झाला आणि रोपण जागेवरून सरकले. अमेरिकेत २००७ मध्ये जबड्याचे हाड वाढविण्याच्या काही शस्त्रक्रियांसाठी बीएमपी-२ ला मान्यता मिळाली. परंतु ती कोलॅजनच्या स्पंजासह होती, रोपणावरील लेपासाठी नव्हे. नित्य व्यवहारातील रोपणांचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो, एवढेच.

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत संधी स्थिर होण्यास प्रथम वयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काल सांगितला आहे. संधानाला वयानुरूप काल लागतो, हे तत्त्व येथेही ध्यानी ठेवावे.

यास्तव आम्ही पुढील सूचना करतो. मधुमेह, तंबाखू व अस्थिसौषिर्यावरील बिस्फॉस्फोनेट औषधे यांची चौकशी करून ती दंतवैद्यास कळविण्यास रुग्णास सांगावे. चालू औषध परस्पर बंद करू नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी गंडूष वा जोराने चूळ भरणे टाळावे, कारण रक्ताची गुठळी निसटते. हाडजोड व लाक्षागुग्गुळ यांचा भग्नातील उपयोग परंपरेने मान्य आहे. तेवढ्यावरून ही द्रव्ये रोपणास उपयुक्त ठरतात, असे सिद्ध होत नाही. औषधविक्रेत्यांनी त्यांच्या वेष्टनावर वा पत्रकात 'वृद्धिघटक' हा शब्द छापू नये. शास्त्राचा मान राखण्याचा हाच मार्ग आहे.