मानखुर्दची स्थलांतरे

मुंबईहून वाशीकडे जाणारी लोकल गाडी गोवंडी सोडून मानखुर्द स्थानकात शिरते. तेथून पुढे खाडीवरचा पूल लागतो आणि मुंबईची हद्द संपते. शहराच्या या टोकाला ज्या वस्त्या व उंच इमारती दाटीने उभ्या आहेत, त्यांतील कित्येक कुटुंबे येथे आपण होऊन आलेली नाहीत. रस्ता रुंद करावयाचा, लोहमार्ग वाढवावयाचा, म्हणून त्यांना कोठून तरी उठवून येथे आणण्यात आले. नव्या गोष्टीला माणसे का बिचकतात, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने या वस्त्यांचा इतिहास पाहावा.

मुलांनो, झोपडी सोडून पक्क्या घरात जाण्यास कोण नाही म्हणेल, असे तुम्हांस वाटेल. परंतु रुळांकाठी राहणाऱ्या बाईचा हिशेब निराळा असतो. धुण्याभांड्यांची चार घरे तिच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर असतात. वाणी तिला ओळखतो म्हणून उधार देतो. आजारी मुलाकडे लक्ष ठेवावयास शेजारीण असते. नव्या जागी यांतले काय मिळेल, हे कोणीच सांगत नाही. अशी माणसे हट्टी असतात, असे म्हणणे सोपे आहे. पण गमावण्यासारखे फार थोडे ज्याच्यापाशी असते, तो ते अधिक घट्ट धरून ठेवतो.

शिवाय त्यांना जुना अनुभवही असतो. मानखुर्दला जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. तिच्यातील अनेक कुटुंबांना पूर्वी महापालिकेनेच शहरातून हलवून तेथे बसविले होते. पुढे शेजारच्या अणुसंशोधन केंद्रासाठी ती जागा हवी झाली. लोकांनी न्यायालयाचे दार ठोठावले, दिल्लीपर्यंत दाद मागितली. तरीही आणीबाणीच्या काळात, मे 1976 मध्ये, ती वस्ती पाडण्यात आली. सुमारे 70,000 माणसांना ट्रॉम्बेजवळच्या चीता कॅम्पमध्ये जावे लागले. एकदा शब्द मोडलेला ज्याने पाहिला, तो दुसऱ्या शब्दावर सहजी विश्वास कसा ठेवील?

याच जनता कॉलनीत जॉकिन अर्पुतम नावाचा एक तरुण राहत असे. त्यांचा जन्म 1946 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात झाला. 1963 साली ते मुंबईस आले आणि सुतारकाम करू लागले. वस्तीतील मुलांना जमवून ते गाणी म्हणत व त्यांना शिकवीत. वस्तीत कचऱ्याचे ढीग साचले होते आणि ते उचलावयास कोणी येत नसे. तेव्हा त्यांनी मुलांची एक सहल काढली. प्रत्येकाने वर्तमानपत्राच्या कागदात थोडा कचरा बांधून घ्यावयाचा, एवढीच अट होती. मुलांची ती रांग चेंबूरच्या महापालिका कचेरीशी गेली आणि सर्व पुड्या तेथे रित्या झाल्या! अधिकारी रागावले, हे उघड आहे. पण कचरा उचलण्याची बोलणी त्यानंतर सुरू झाली. वस्ती स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी रहिवाशांनी घ्यावी, असे ठरले.

पुढे 1974 साली त्यांनी झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांतून 1986 साली 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली, आणि दोन्ही संघटना एकत्र काम करू लागल्या. या स्त्रियांनी घराचा विचार कागदावरच्या नकाशापासून केला नाही. त्यांनी साडीने मापे घेतली, येथे चूल, येथे मोरी, येथे निजावयाची जागा, असे ठरविले आणि खऱ्या मापाचे घर लाकूड व कापड लावून उभे केले. शेकडो माणसे त्यात शिरून पाहून गेली. जे घर काल केवळ अधिकाऱ्याच्या तोंडी होते, त्यात आज स्वतः उभे राहता आले. माझ्या मते, दहा भाषणांनी जे साधले नसते, ते या कापडाच्या भिंतींनी साधले.

दुसरे साधन बचतीचे. महिला मिलनच्या बायका रोज दारोदार फिरून दोन-पाच रुपये गोळा करीत. रक्कम लहान असे. परंतु त्या फेरीत कोणाचे काम सुटले, कोणाकडे आजारपण आहे, हे सर्व कळे. झोपड्यांची मोजणीही रहिवाशांनीच केली. त्यामुळे यादीत खोटे नाव घुसविणे अवघड झाले, आणि खरे नाव गळाल्यास तक्रार करण्यासाठी दूर जावे लागेना.

या तयारीचा उपयोग 2000 सालच्या सुमारास झाला. झोपड्या रुळांना इतक्या खेटून होत्या, की तेथे गाड्यांना वेग कमी करावा लागे. नवे लोहमार्ग टाकण्यासाठी ती जागा मोकळी करणे आवश्यक होते. तेव्हा हजारो कुटुंबांनी आपली झोपडी आपल्याच हातांनी उतरविली आणि सामान बांधून ती नव्या जागी गेली. कित्येकांना काही काळ संक्रमण शिबिरात काढावा लागला. नंतर मानखुर्द व अन्य ठिकाणच्या इमारतींत 225 चौरस फुटांचे घर मिळाले. त्याच वर्षी अर्पुतम यांना मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. 2018 साली त्यांचे निधन झाले.

सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र नव्हे. कामाची घरे दूर पडली. उद्वाहनाचा व पाण्याच्या पंपाचा खर्च दरमहा येऊ लागला, जो झोपडीत कधी नव्हता. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. घराच्या आतील मापे बायकांनी साडीने घेतली होती. दोन इमारतींमधील अंतर ठरविण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते.